आंतरजालावरील साधनें व अस्सलपणाची कसोटी

१. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें मिळविणें म्हणजे पायपीट करणें, असा या अभ्यासाचा आरंभापासूनचा परिपाठ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून १९२६ मध्यें देह ठेवीपर्यंत ते घरोघरच्या माळ्यांवरील दफ्तरें धुंडाळीत हिंडत राहिले. मालक दार उघडील कीं नाहीं, उघडल्यास रुमाल सोडूं देईल कीं नाहीं, सोडूं दिल्यास नक्कल उतरून घेऊं देईल कीं नाहीं, अशा तीन पायऱ्या चढल्यावर एखादा कागद हातीं लागे. आज महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास इतिहासाचा एखादा विषय नेमून दिला आणि 'अस्सल साधनांवरून लिही' असें बजावलें, तर तो घरच्या घरीं संगणकापुढें बसून एका रात्रींत जितकीं पानें जमवितो, तितकीं जमविण्यास पूर्वीच्या संशोधकाचा एक उन्हाळा खर्ची पडे. ही गोष्ट आनंदाची आहे व तिचें स्वागत करण्यांत आम्ही कोणाच्याही मागें नाहीं. परंतु जमविलेलीं तीं पानें अस्सल साधनें आहेत काय, हा प्रश्न त्या आनंदांत विचारावयाचा राहून जातो. त्याच प्रश्नापुरतें हें परीक्षण आहे.

२. आंतरजालावर मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी असें जें आहे, त्याचे स्थूलमानानें चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग छापील ग्रंथांच्या प्रतिमांचा. राजवाड्यांचे खंड, गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग, वासुदेवशास्त्री खरे यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह', काशिनाथ नारायण साने यांनीं काढलेल्या बखरी, यांपैकीं बहुतेक ग्रंथ कोणासही विनामूल्य पाहतां येतात. यांतील पुष्कळसा भाग 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी उपक्रमांत स्कॅन झाला. त्याचें मूळ संकेतस्थळ पुढें बंद पडलें आणि त्या प्रतिमा आज मुख्यतः 'इंटरनेट आर्काइव्ह' या परदेशी संग्रहांत टिकून आहेत. दुसरा वर्ग सरकारी दफ्तरांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचें 'अभिलेख पटल' २०१५ पासून खुलें आहे. त्यांत कंपनी सरकारचे व पुढील इंग्रजी अमदानीचे कागद विपुल आहेत. तिसरा वर्ग परदेशांतील दफ्तरांचा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसचे कागद आहेत व त्यांतील कांहीं भाग जालावर आला आहे. हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारांतील डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तराची मजल त्याहून पुढची. त्यांतील सुमारें ५० लाख पानांचें हस्ताक्षर यंत्राकडून वाचवून घेतलेलें आहे व त्यांत शब्द घालून शोध घेतां येतो. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या पानांचें आपल्याकडील महत्त्व निराळें सांगावयास नको. चौथा वर्ग मोडी कागद व हस्तलिखित पोथ्या यांच्या प्रतिमांचा. जोखमींत असलेल्या दफ्तरांच्या प्रतिमा घेण्यास ब्रिटिश लायब्ररीनें २००४ मध्यें आरंभिलेला उपक्रम आणि आपल्याकडील कांहीं संस्थांचे तुरळक प्रयत्न एवढीच याची व्याप्ति.

हे चार वर्ग एकापुढें एक मांडले म्हणजे एक विपरीत गोष्ट नजरेस येते. जें अस्सलापासून सर्वांत दूर तें सर्वांत सुलभ, आणि जें अस्सलाला सर्वांत जवळ तें सर्वांत दुर्मिळ, असा हा बाजार आहे. छापील खंडांचीं लक्षावधि पानें सांपडतील. परंतु ज्या मोडी कागदांवरून ते खंड छापले, त्यांपैकीं एखाद्याची स्वच्छ प्रतिमा पाहूं म्हटल्यास अभ्यासकास पुण्याच्या पुराभिलेखागाराची वा एखाद्या मंडळाची पायरी अद्यापही चढावीच लागते. विद्यार्थ्यास हें अंतर कोणी सांगत नाहीं. शोध घेणाऱ्या यंत्राला तर तें ठाऊकच नसतें. त्याच्यापुढें सगळीं पानें एका पंक्तीला बसतात.

३. अस्सल कोणास म्हणावें याचा विचार आपल्याकडे इतिहासलेखकांच्याही पूर्वीं न्याय देणाऱ्यांनीं केला होता. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापले करीने सांगत व कागद पुढें ठेवीत. कागद पुढें ठेवला म्हणजे तो खरा ठरला, असें सभा मानीत नसे. तो कोणी लिहिला, त्यावर कोणाचें शिक्का-मोर्तब आहे, तो आजवर कोणाच्या घरीं होता, त्याच्या घरीं तो कसा आला, आणि त्यांतील मजकुरास दुसऱ्या दफ्तराचा दुजोरा आहे काय, हें पाहून मग महजर होई. कृत्रिमी कागद करणारे त्या काळींही होते, आणि ते पकडले जात ते बहुधा मजकुरावरून नव्हे, तर कागदाच्या पूर्वपीठिकेवरून. वतन माणसाचें असो कीं भूतकाळाचें असो, कागदास वंशावळ पाहिजे, हा नियम आम्हांस दोन्ही ठिकाणीं सारखाच लागू वाटतो. जालावरील प्रतिमांवर आमचा मुख्य आक्षेप आहे तो हाच, कीं त्यांतील बहुसंख्य प्रतिमा निर्वंश आहेत.

एका पत्राचा प्रवास पाहूं. पानिपतच्या मोहिमेंतील एक पत्र १७६० मध्यें छावणींतून मोडींत लिहिलें गेलें. तें पुण्यास पोंचलें, रुमालांत बांधलें गेलें. दीडशें-पावणेदोनशें वर्षांनीं संपादकानें तें हजारों कागदांतून निवडलें; लेखकानें त्याचें बालबोध लिप्यंतर केलें; मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नसतो व शब्द तोडून लिहिण्याचीही चाल नसते, तेव्हां तेथें शब्द कोठें तोडावा हें लिप्यंतरकारानें ठरविलें. मग जुळाऱ्यानें खिळे जुळविले, पुस्तक झालें. पुस्तकाचें स्कॅन झालें. स्कॅनवरून यंत्रानें अक्षरें ओळखलीं. त्या अक्षरांतून कोणीं चार ओळी उचलून आपल्या लेखांत घातल्या. आणि विद्यार्थ्यानें त्या चार ओळी आपल्या निबंधांत 'अस्सल पत्र' म्हणून उतरल्या. छावणींतील लेखकापासून या निबंधापर्यंत मध्यें निदान सात हात आहेत. यांतील एकही हात लबाड असेल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रत्येक हातानें कांहीं घेतलें व कांहीं सोडलें आहे, आणि कोणीं काय सोडलें याची नोंद शेवटच्या माणसापर्यंत पोंचत नाहीं.

४. या गोंधळाचीं कांहीं ठळक उदाहरणें देतों. तीं विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरांतील ग्रंथांचींच आहेत.

गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशवे दफ्तरांतून वेंचे काढून तयार केलेले जे ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाले, ते 'पेशव्यांची रोजनिशी' या नांवानें प्रसिद्ध आहेत व जालावरही त्याच नांवाखालीं मिळतात. नांवावरून विद्यार्थ्याची समजूत अशी होते, कीं पेशवे रोज रात्रीं दिवा लावून आपलें मनोगत लिहीत असत! वस्तुतः हे सरकारी रोजकीर्दींतील हुकूम, नेमणुका, देणग्या, खर्च यांचे विषयवार लावलेले वेंचे आहेत. मुळांत ते तारखेच्या क्रमानें होते. संपादकानें ते राजकीय, मुलकी, न्याय अशा सदरांत विभागले. एका दिवशीं सरकारांत एकामागून एक काय काय घडलें, हा जो रोजकीर्दीचा जीव, तो या मांडणींत राहत नाहीं. ग्रंथ मोलाचा आहे, यांत शंका नाहीं. पण तो रोजनिशी नव्हे व रोजकीर्दही नव्हे, तर रोजकीर्दीची निवड आहे.

दुसरें उदाहरण 'शिवकालीन पत्रसारसंग्रहा'चें. १९३० मध्यें निघालेला हा ग्रंथ शिवकालाच्या अभ्यासकास दिव्यासारखा उपयोगी आहे. परंतु त्याच्या नांवांतच त्यानें आपलें स्वरूप सांगून ठेविलें आहे: त्यांत पत्रांचा सार आहे, पत्रें नाहींत. प्रत्येक साराबरोबर मूळ पत्र कोठें छापलें आहे त्याचा निर्देश असतो. तो निर्देश धरून मुळाकडे जावें, यासाठींच संपादकांनीं तो खटाटोप केला. हल्लीं मात्र स्कॅनमधील एक पान सुटें होऊन फिरतें, साराचें वाक्य हेंच महाराजांचें वाक्य म्हणून अवतरणचिन्हांत बसतें, आणि मग 'महाराजांनीं हा शब्द वापरला आहे' असा वाद पेटतो. तो शब्द साराच्या लेखकाचा असतो.

तिसरें उदाहरण बखरींचें. कृष्णाजी अनंत सभासद यांनीं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिलेली बखर, आणि मल्हार रामराव चिटणीस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेली बखर, या दोहोंच्या मध्यें सुमारें शंभर वर्षें गेलीं आहेत. पहिल्या लेखकानें शिवकाल डोळ्यांनीं पाहिला होता. दुसऱ्यानें तो घरच्या कागदांवरून व ऐकीव परंपरेवरून जुळविला. जालावरील याद्यांत मात्र दोन्हींवर 'प्राथमिक साधन' अशी एकच चिठ्ठी असते. चिटणिशी बखर शिवकालासाठीं दुय्यम आहे. परंतु सातारच्या दरबारांत शिवकाल कसा आठवला जात होता, या प्रश्नासाठीं तीच अस्सल आहे. साधनाची पायरी प्रश्नावरून ठरते, हें ज्या यादींत सांगितलेलें नाहीं ती यादी दुकानदाराची आहे, अभ्यासकाची नव्हे.

५. आतां मोडी कागदांच्या ज्या थोड्या प्रतिमा मिळतात, त्यांविषयीं. येथें तक्रार निराळी आहे. प्रतिमा घेणारा बहुधा कागदाची लिहिलेली बाजू घेतो व पाठ सोडून देतो. कारण पाठीवर 'कांहीं नाहीं' असें त्यास वाटतें. वास्तविक पाठ व माथा हीं कागदाचीं बोलकीं अंगें आहेत. पेशवाईंतील पत्रावर तें पोंचल्याची तारीख पुष्कळदां 'पैवस्ती' म्हणून टिपलेली असते. पत्र लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांमधील दिवस मोजले म्हणजे बातमी किती दिवसांनीं पुण्यास आली हें कळतें, आणि त्यावरून पुण्याच्या कारभाऱ्यांस दोष द्यावा कीं देऊं नये हें ठरतें. १७६० च्या हिवाळ्यांत उत्तरेकडील वाटा तुटल्या असतां नानासाहेबांस कोणत्या दिवशीं काय ठाऊक होतें, हा प्रश्न अशा दोन-चार अक्षरांवर टांगलेला आहे. तीं अक्षरें ज्या प्रतिमेंत नाहींत ती प्रतिमा कितीही सुरेख असो, इतिहासाच्या कामीं ती अर्धी आहे.

जी गोष्ट पाठीची तीच शेजाऱ्यांची. रुमालांतील कागद एकमेकांचे साक्षीदार असतात. तारीख नसलेलें पत्र कोणत्या दोन पत्रांमध्यें बांधलेलें होतें, त्याबरोबर कोणती यादी होती, तिच्यावर कोणाचें अक्षर आहे, यांवरून त्याचा काळ व हेतु उलगडतो. प्रतिमा घेतांना 'महत्त्वाचे' कागद निवडून घेतले व बाकीचे पुनः बांधून ठेविले, म्हणजे साक्षीदारास न्यायसभेबाहेर घालवून एकट्या पक्षकाराची जबानी घेतल्यासारखें होतें. शिवाय महत्त्वाचें कोणतें हें प्रत्येक पिढीचें निराळें असतें. आमच्या पूर्वसूरींस लढाया व तह महत्त्वाचे वाटले. धान्याचे भाव, बलुत्याच्या याद्या, दुष्काळांतील तगाई हे कागद त्यांनीं बाजूस ठेविले. आज अभ्यासक तेच मागत आहेत.

६. शोध घेण्याच्या पद्धतीविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. कारण विद्यार्थ्याची सर्वांत मोठी फसगत येथें होते. पेटींत शब्द घातला, उत्तर आलें नाहीं, तेव्हां 'यासंबंधीं साधन उपलब्ध नाहीं' असें तो लिहून मोकळा होतो. परंतु सतराव्या शतकांतील इंग्रजाच्या पत्रांत महाराजांचें नांव आजच्या वर्णरचनेनें कोठून असणार? तेथें 'सेवाजी', 'सेवागी' असे उच्चार लेखकागणिक वेगळ्या अक्षरांत लिहिलेले असतात. पोर्तुगीज व डच लेखकांचे निराळेच. गांवांच्या नांवांची हीच दशा. ज्याला जुनीं रूपें ठाऊक नाहींत त्याला दफ्तर मुकें वाटतें. मराठी ग्रंथांच्या बाबतींत तर त्यांचीं शीर्षकें रोमन अक्षरांत, तींही दर वेळीं निराळ्या रीतीनें, नोंदलेलीं आढळतात. बहुखंडी मालेंत खंडाचा अंकच गळालेला असतो. संपादकाचें नांव लेखकाच्या जागीं असतें. बालबोध छपाईचें यंत्रवाचन जोडाक्षरांपाशीं अडखळतें, आणि मोडीचें यंत्रवाचन अद्याप प्रयोगावस्थेंत आहे. म्हणून आमचें सांगणें असें, कीं यंत्रानें 'नाहीं' म्हटलें तर तें उत्तर यंत्राविषयीं आहे, इतिहासाविषयीं नव्हे.

उलट बाजूची फसगत याहून नवी आहे. प्रश्न विचारतांच तयार परिच्छेद लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आतां विद्यार्थ्यांच्या हातीं आहेत. खंडाचा अंक, लेखांक, तारीख हें सर्व तीं बिनदिक्कत सांगतात, आणि खंड उघडून पाहावा तर त्या लेखांकाखालीं भलतेंच पत्र असावें, किंवा तो लेखांकच नसावा, असें घडतें. गोतसभेपुढें कृत्रिमी कागद आणणाऱ्यास निदान कागद तरी करावा लागे. येथें कागदावांचून नुसता हवालाच निर्माण होतो. यावर उपाय एकच: ज्याचें पान स्वतः पाहिलें नाहीं, त्याचा हवाला देऊं नये.

७. तारखांचें प्रकरण तर असें आहे, कीं त्यांत जालावरील सोयीचा कांहींच उपयोग होत नाहीं. तेथें अभ्यासच पाहिजे. मराठी कागदांत शक, सुहूर सन, फसली, हिजरी आणि राज्याभिषेकोत्तर काळांत राजशक इतक्या गणना येतात. सुहूर सन अरबी अंकशब्दांनीं लिहितात व तो मृगाच्या सुमारास बदलतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. त्यांत जून ते डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीनंतर ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. पानिपतचें रण पौष शुद्ध ८ शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें, तें याच सुहूर सनांत पडतें. सरसकट ५९९ मिळविणारा विद्यार्थी त्या रणाला एक वर्ष अगोदर नेऊन ठेवील.

युरोपियन कागदांतही हीच सावधगिरी पाहिजे. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी गणना पाळीत होते व त्यांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. पोर्तुगीजांनीं नवी गणना १५८२ पासूनच घेतली होती. त्यामुळें सतराव्या शतकांत मुंबईच्या पत्रांतील तारीख व गोव्याच्या पत्रांतील तारीख यांत दहा दिवसांचें अंतर पडतें. राज्याभिषेकास हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या गणनेनें तो सोहळा ६ जून १६७४ चा. गोव्याच्या गणनेनें तोच दिवस १६ जून. हीं दोन पत्रें जालावर शेजारी शेजारी उघडून 'साधनांत मतभेद आहे' असें लिहिणें सोपें आहे. मतभेद मात्र कोठेंच नाहीं.

८. या सर्व चर्चेंत खरें पणास काय लागलें आहे, तें शिवजन्मतिथीच्या इतिहासावरून उघड होतें. बखरींच्या आधारें ती तिथि दीर्घकाल शके १५४९ च्या वैशाखांत धरली जात असे. त्या काळीं एखाद्यानें तेव्हां उपलब्ध असलेलीं सर्व छापील साधनें समोर मांडून बहुमत घेतलें असतें, तरी तोच निर्णय निघता. ती समजूत हलली ती कारीच्या जेधे देशमुखांच्या घरच्या एका शकावलीमुळें. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही तिथि निघाली. पुढें तंजावरच्या संग्रहांतील परमानंदकृत 'शिवभारत' १९२७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतही तीच तिथि. वाद तरीही पुष्कळ वर्षें चालला. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्यें मान्य केली. (ही जुन्या गणनेची तारीख, नव्या गणनेनें तो दिवस १ मार्च येतो, आणि तत्कालीन इंग्रजाच्या वहींत त्याचें वर्ष १६२९ असें पडतें. मागील परिच्छेदांतील सावधगिरी किती ठिकाणीं लागते, हें यावरून समजावें.)

यांतील सार असें: निर्णायक साधन छापील ढिगांत नव्हतें, एका घरीं होतें, आणि दुसरें साधन महाराष्ट्रांतही नव्हतें, कावेरीतीरीं होतें. ज्ञात साधनांची संख्या वाढवून जें साधलें नसतें तें एका अज्ञात साधनानें साधलें. आज 'सर्व कांहीं जालावर आलेलेंच आहे' ही जी समजूत विद्यार्थ्यांत व, खेदानें म्हणावें लागतें, कांहीं अध्यापकांतही पसरत आहे, तिचा खरा धोका हा आहे. ती खरी मानली म्हणजे कारीसारख्या गांवच्या घरीं जाण्याचें कारण उरत नाहीं. कोणी विचारावयास येत नाहीं असें पाहून मालकासही दफ्तर सांभाळण्याचें कारण उरत नाहीं. घर पडतें, भाऊ वेगळे होतात, माळा झाडला जातो, आणि रुमाल रद्दींत जातात. वाळवीस मोडी वाचतां येत नाहीं. ती अस्सल व नक्कल असा भेद करीत नाहीं.

९. यावर आमचे कांहीं मित्र म्हणतील, कीं हें सर्व जुन्या संशोधकाचें रडगाणें झालें. खेड्यांतील विद्यार्थ्याला पुण्यास येऊन महिनाभर राहण्याचें सामर्थ्य नाहीं, मोडी शिकण्यास गुरु नाहीं, आणि वारंवार हाताळल्यानें कागद झिजतो तो वेगळाच. हें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. त्यापुढें जाऊन आम्ही असेंही म्हणतों, कीं प्रतिमा नसणें हा अक्षम्य दोष होय. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील घरें वाहून गेलीं, आणि घरांबरोबर घरांतले कागदही गेले. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथ व हस्तलिखितें यांची नासधूस झाली. ज्याची प्रतिमा दुसरीकडे आहे असा कागद अशा प्रसंगीं निदान शब्दरूपानें वांचतो. पूर्वीं नकला करून निरनिराळ्या मठांत ठेवीत, त्याचेंच हें नवें रूप आहे.

परंतु प्रतिमाही अमर नाहीं, हें त्याच तोंडानें सांगितलें पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्यें ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर चोरट्यांनीं हल्ला केला आणि तेथील हस्तलिखितांच्या प्रतिमा अभ्यासकांस कित्येक महिने दिसेनाशा झाल्या. मूळ पोथ्या कपाटांत जागच्या जागीं होत्या; नाहींसा झाला तो केवळ जालावरील रस्ता. तेव्हां प्रतिमा ही मुळाची सोबतीण आहे, सवत नव्हे. एकीच्या भरंवशावर दुसरीला घराबाहेर काढूं नये.

१०. आतां विद्यार्थ्यास काय सांगावें? आम्ही त्यास जालापासून परावृत्त करूं इच्छीत नाहीं. त्यानें तेथूनच आरंभ करावा. परंतु प्रत्येक पानास गोतसभेचे प्रश्न विचारावे. हें पान मूळ आहे, नक्कल आहे, लिप्यंतर आहे, सार आहे कीं वेंचा आहे? तें लिहिणारा घटनेपासून किती दिवसांवर व किती कोसांवर होता? कागद कोणाच्या घरीं होता, आज कोठें आहे? संपादकानें कशांतून किती निवडलें? मी पाहतों ती प्रत पुस्तकाची पूर्ण प्रत आहे, कीं मधलीं पानें गळालेलीं आहेत? यांपैकीं ज्या प्रश्नांचीं उत्तरें मिळतील तीं निबंधांत नोंदवावीं, आणि जेथें नुसती जालावरील प्रत पाहिली असेल तेथें तसें स्पष्ट लिहावें. 'छापील प्रतीवरून, मूळ पाहिलें नाहीं' या पांच शब्दांत कमीपणा मुळींच नाहीं. पांच साधनें अशा रीतीनें ओळखून वापरलेला निबंध पन्नास साधनांच्या भाराहून आम्ही श्रेष्ठ मानूं. अध्यापकांनींही 'निदान दहा अस्सल साधनें' अशी संख्येची अट घालण्यापेक्षां 'एका साधनाची संपूर्ण पूर्वपीठिका सांगा' अशी अट घालून पाहावी. विद्यार्थी एक कागद खरोखर ओळखावयास शिकला, म्हणजे पुढचे शंभर तो आपला आपण ओळखील.

संस्थांस व खासगी संग्राहकांस आमची विनंति याहून अधिक आग्रहाची आहे, कारण या त्रैमासिकाचे वाचक तेच आहेत. प्रतिमा घ्यावयाच्या तर सबंध रुमालाच्या घ्याव्या. बांधलेल्या क्रमानें घ्याव्या. कोरी वाटली तरी पाठ घ्यावी. मुद्रा, मोर्तब व समासांतील टीप सुटूं देऊं नये. कागदाचें माप कळेल अशी पट्टी शेजारीं ठेवावी. आणि पहिल्या प्रतिमेपूर्वीं एक पान असें असावें, कीं ज्यावर दफ्तर कोणत्या घराण्याचें, कोणत्या गांवचें, कोणत्या वर्षीं कोणाकडून संस्थेकडे आलें व त्यांतील किती कागदांच्या प्रतिमा घेतल्या नाहींत, हें मराठींत स्वच्छ लिहिलेलें असेल. जे संग्राहक 'आमचे कागद जालावर गेले तर आमच्याकडे कोण येईल' या भीतीनें रुमालाची गांठ सोडीत नाहींत, त्यांस एवढेंच सांगावयाचें, कीं गांठीआड असलेल्या कागदाकडे आजही कोणी येत नाहीं. उलट ज्याची प्रतिमा नीट वंशावळीसह प्रसिद्ध होते, त्याचें मूळ पाहावयास जाणकार आवर्जून येतो.

याहूनही अगोदरचें एक काम आहे. जेथें प्रतिमा घेण्याइतका पैसा नाहीं तेथें निदान यादी करावी: घराण्याचें नांव, गांव, रुमालांची संख्या, काळ, लिपि, कागदांची आजची स्थिति, इतक्या सहा गोष्टी. अशी यादी एका वहींत मावते, तिला यंत्र लागत नाहीं, आणि ती जालावर ठेवण्यास खर्चही फारसा नाहीं. महाराष्ट्राबाहेर तंजावर, बडोदें, ग्वाल्हेर, इंदूर या ठिकाणीं मराठ्यांचे कागद ज्या घरांत व संस्थांत आहेत, तेथेंही हें काम तितकेंच निकडीचें आहे. विद्यार्थी नेमून दिलेल्या विषयासाठीं शोध-पेटींत शब्द घालील, तेव्हां त्यास राजवाड्यांच्या खंडाबरोबरच 'अमुक गांवीं अमुक घरीं इतके रुमाल अद्याप कोणीं वाचलेले नाहींत' ही ओळही दिसली पाहिजे. पंधरा-वीस रुमालांचा का होईना, आपल्या तालुक्यापुरता असा एक तक्ता ज्या वाचकास करतां येईल, त्यानें तो या पावसाळ्यापूर्वींच करावा. ओल लागलेला कागद पुढच्या वर्षाची वाट पाहत नाहीं.